टर्बो बदलण्याआधी

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): माझी २०१४ची डिझेल हॅचबॅक १ लाख ३० हजार किलोमीटर चालली आहे. ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात अचानक पिकअप गेला, इंजिनचा दिवा लागला, गाडी २५०० आरपीएमच्या वर जाईना. पाच मिनिटं बंद ठेवून सुरू केली तर अगदी ठीक. दोन दिवसांनी पुन्हा तेच. गॅरेजवाले म्हणतात, टर्बो गेला, बदला.

उत्तर: इतक्यात बदलू नका. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. मोडलेला टर्बो गाडी बंद-चालू करून बरा होत नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, बूस्टच्या (टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाच्या) आकड्यांत गडबड दिसली आणि इंजिन वाचवायला त्याने ताकद कमी केली, हाच तो लिम्प मोड. आधी स्कॅनर लावा आणि कोड पुसायच्या आत लिहून घ्या. पी ०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडतोय, पी ०२३४ म्हणजे जास्त होतोय. दोन्हींचा तपास वेगळा.

कमी पडत असेल तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोतली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तिथून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप बघा. पाइप वरून धडधाकट दिसतो. चीर बहुतेक खालच्या अंगाला, क्लिपजवळ असते आणि दाब आला की उघडते. इंजिन थंड असताना पाइपाखालून बोटं फिरवा. एका जागी ओलं तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ हाताला लागली, तर चोर तिथेच आहे. चढावर काळा धूर आणि फुस्स आवाज येत असेल तर शंकाच नको.

बूस्ट जास्त होत असेल तर टर्बोतल्या हलत्या पात्या काजळीने अडकत असाव्यात. या पात्या व्हॅक्यूमवर हलणाऱ्या असतील तर बॉनेट उघडून अ‍ॅक्च्युएटरच्या (पात्या हलवणाऱ्या डबीच्या) दांड्यावर नजर ठेवा आणि कुणाला तरी इंजिन सुरू करायला सांगा. दांडा सरकन ओढला गेला पाहिजे. अडखळला तर काजळी. जागचा हललाच नाही तर व्हॅक्यूमचा बारीक पाइप किंवा सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह), पण तेव्हा कोड बहुतेक बूस्ट कमी पडल्याचा असतो. हा पाइप मामुली खर्चात बदलतो, आणि त्याच्यापायी लोकांनी चांगले टर्बो काढून टाकलेले मी पाहिले आहेत. फार जीव तुटतो.

प्रश्न (स्नेहलतागंज): पेट्रोल टर्बो गाडी हळूहळू मंदावली आहे. दिवा कुठलाच लागत नाही.

उत्तर: एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग आधी पाहा. मग मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर इंजिन निर्दोष आहे, क्लच प्लेट घसरतेय.

प्रश्न (सुदामा नगर): बीएस-६ डिझेल आहे. घर ते राजवाडा एवढंच चालवते. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागतो, गाडी जड वाटते.

उत्तर: ताई, गाडी बिघडलेली नाही, तिला धावायला मिळत नाहीये. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं, आणि गर्दीतल्या चार-पाच किलोमीटरमध्ये ते कधीच येत नाही. दिवा नुसता लागलेला असेल तर बायपासवर वीस-पंचवीस मिनिटं साठ-सत्तरच्या एकसारख्या वेगाने चालवा आणि मध्ये बंद करू नका. त्यानंतर डिपस्टिक जरूर काढून बघा. काजळी जाळणं अर्धवट राहिलेल्या प्रत्येक खेपेला थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर ऑइल बदलल्याशिवाय लांब जाऊ नका. दिवा ब्लिंक करत असेल तर थेट वर्कशॉप गाठा. आणि ‘डीपीएफ कापून टाकू’ म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. ते बेकायदा आहे, आणि ती काजळी आपल्याच पोरांच्या छातीत जाते.

प्रश्न (महू): नवा टर्बो तीन महिन्यांत पुन्हा गेला. पार्टच खराब होता का?

उत्तर: असू शकतो, पण माझा संशय ऑइलवर आहे. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तीही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. तो थर काही सेकंद जरी तुटला तरी बेअरिंग खलास. आमच्याच घरच्या गाडीचे असे दोन टर्बो गेले. तिसऱ्या वेळी मी ऑइल नेणाऱ्या पाइपाचा पोकळ बोल्ट सोडवून उजेडात धरला. आतलं भोक कोळशासारख्या काळ्या थराने इतकं बुजलं होतं, की शिवणाची सुईही जेमतेम जाईल. दोन्ही वेळा टर्बो नवा आणि पाइप जुनाच!

म्हणून मेकॅनिकला सांगा: ऑइलचा पाइप बोल्टसकट नवा घाला, परतीचा पाइप मोकळा आहे का बघा, इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उघडून खालची जाळी साफ करा, जुन्या टर्बोचं ऑइल इंटरकूलरमध्ये साचलं असेल तर तेही काढा. ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. नवा टर्बो बसवताना त्याच्या तोंडात थोडं ऑइल ओतून दांडी हाताने फिरवू दे. पहिल्यांदा सुरू केल्यावर दोन मिनिटं इंजिन आयडलवर राहू दे, रेस करायची नाही. हे होताना तुम्ही स्वतः शेजारी उभे राहा.