काळसर नायटिनॉल तार पॉलिश केली तर जास्त टिकेल का?

प्रश्न : पदविकेच्या प्रकल्पात आम्ही ०.५ मिमी जाडीची अतिलवचिक (बरीच वाकवली तरी मूळ आकारात परतणारी) नायटिनॉल, म्हणजे निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची, तार ५० मिमी व्यासाच्या कप्पीवरून पुढे-मागे फिरवतो. एकाच रिळातली तार कधी ४ हजार फेऱ्यांत तुटते, कधी १५ हजारांत. तार काळसर आहे. पॉलिश करावी का? – एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : करा, पण आधी तार कुठे तुटते ते पाहा. पकडीपाशी तुटत असेल तर दोष पकडीच्या दातांचा. ते आकडे वेगळे लिहा आणि दातांखाली तांब्याची पातळ पत्री घाला.

जाडीला कप्पीच्या व्यासाने भागलं की बाहेरच्या कडेची विकृती (स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत ती कड किती ताणली गेली) मिळते. तुमची १ टक्का, आणि ती पृष्ठभागावरच सर्वाधिक. काळा रंग म्हणजे ऑक्साइडचा थर. तार ओढताना वंगण धरून ठेवायला तो उपयोगी पडतो. आतला धातू वाकतो, हा ठिसूळ थर तडकतो आणि त्याची भेग धातूत उतरते. लांबीच्या दिशेचे चरे त्या मानाने सौम्य, आडवे फार घातक.

भट्टीत आकार द्यायचा असेल, साधारण ५०० अंशांना, तर तो पॉलिशच्या आधी द्या. हवेत तापली की तार पुन्हा काळवंडते. मग ६००, १०००, १५०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हातानं, फक्त लांबीच्या दिशेनं फिरवा. मायक्रोमीटर हाताशी असू द्या : ०.५० ची ०.४८ मिमी झाली तरी छेदाचं क्षेत्रफळ ८ टक्के घटतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून दहापट भिंगाखाली तपासा. इलेक्ट्रोपॉलिश (द्रावणात विजेच्या साहाय्यानं पृष्ठभाग गुळगुळीत करणं) याहून सरस, पण ते जाणकारांकडूनच करून घ्या. काळा थर काढायला वापरलं जाणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लाला मात्र हात लावू नका. ते त्वचेतून थेट हाडापर्यंत इजा करतं.

एवढं करूनही आकडे विखुरतील. धातूच्या आतले कार्बाइड-ऑक्साइडचे कण पॉलिशनं जात नाहीत. शिवाय तापमान १ अंश वाढलं की रूपांतराचा ताण (ज्या ताणाला तारेची स्फटिकरचना बदलू लागते तो) साधारण ६-७ मेगापास्कल चढतो. सकाळी २२ आणि दुपारी ३२ अंशांना घेतलेल्या चाचण्या एका तक्त्यात मांडूच नका. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड चऱ्यांत साचून खड्डे पाडू शकतं. म्हणून तुकडे डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन, वाळवून, सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा.

काळ्या आणि पॉलिश केलेल्या तारेचे किमान १०-१० तुकडे घ्या. जमल्यास १०० मिमी कप्पीवरही चालवा. विकृती निम्मी झाली की तडा सुरू व्हायलाच बहुतेक आयुष्य जातं, आणि पृष्ठभागाचा फरक तिथे जास्त ठळक दिसतो.