सिकलसेलची कळ आणि रुग्णालयातला पहिला तास

आपल्या १९ वर्षांच्या भावाला रात्री सिकलसेलच्या कळा सुरू झाल्या, मात्र केस पेपर, रक्ततपासणी आणि वरिष्ठ डॉक्टरांची वाट पाहण्यात अडीच तास गेले आणि वर ‘नाडी, रक्तदाब सगळे ठीक आहे, मग एवढे ओरडायला काय झाले?’ असे ऐकावे लागले, असे आपण लिहिले आहे. माझी मुलगी एसएस (आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आलेली) असून आता २३ वर्षांची आहे. हे वाक्य आमच्याही ओळखीचे आहे.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात विळ्याच्या आकाराच्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या हाडामांसाला प्राणवायू मिळत नाही आणि कळ उठते. ती मोजणारी कोणतीही तपासणी नाही. नाडी, रक्तदाब, इतकेच काय हिमोग्लोबिनही नेहमीसारखे असू शकते. त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत वेदनाशामक इंजेक्शन थांबवण्याला आधार नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्ण आल्यापासून एका तासाच्या आत वेदनाशामकाचा पहिला डोस द्यावा आणि दर ३० ते ६० मिनिटांनी वेदना पुन्हा विचारून पुढचे ठरवावे; ब्रिटनमधील नाइस ही संस्था तर पहिल्या डोससाठी अर्धाच तास देते. आपल्याकडे पहिल्या डोससाठी निदान भांडता येते, दुसऱ्याचे मात्र कोणी नाव काढत नाही.

खरी अडचण १८ वर्षांनंतर सुरू होते. बालरोग विभागात मुलीला सगळे नावाने ओळखत. मोठ्यांच्या कॅज्युअल्टीत तिने स्वतःच औषधाचे नाव सांगितले, तर ‘सवय लागली आहे का?’ असा प्रश्न आला. वर्षानुवर्षे आजार भोगणाऱ्याला आपले औषध ठाऊक असणारच, पण मध्यरात्री हे कोणाला पटवणार? म्हणून तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह एक पानाचे पत्र घेतले: निदान, नेहमीचे हिमोग्लोबिन, वजन, ॲलर्जी, मागच्या वेळी कोणत्या औषधाच्या किती मात्रेने आराम पडला. त्याच्या मागे मी वेळा लिहितो. मागच्या खेपेची पहिली ओळ ‘११.१०, दारात, वेदना दहापैकी ९’ अशी आहे. सिस्टरांनी तो कागद पाहिला आणि त्याच रकान्यात इंजेक्शनची वेळ स्वतःच्या हाताने लिहिली. त्यानंतर पाऊण तासाने त्या आपणहून विचारायला आल्या.

घरी दिलेली गोळी आणि तिची वेळही त्यात लिहावी, म्हणजे मात्रा दुप्पट होण्याची भीती राहत नाही. छातीत दुखणे, धाप, ताप किंवा एका बाजूचा अशक्तपणा असल्यास ते दारातच, वेदनेच्याही आधी सांगावे. ही निव्वळ कळ नसू शकते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर तसे नमूद करावे, पण ते क्रायसिसची, म्हणजे अशा कळांची, वारंवारता कमी करण्यासाठी असते, आत्ताची कळ त्याने थांबणार नाही.

भाऊ वसतिगृहात राहत असल्यास पत्राची एक प्रत खोलीतल्या मित्राकडे ठेवावी, कारण कळ शिगेला पोहोचल्यावर त्याला स्वतःला बोलता येईलच असे नाही.