मेणबत्तीच्या प्रयोगात पाणी बरोबर एक पंचमांश चढावं यासाठी केवढा ग्लास घ्यावा?

प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग जरा लाज वाटली. तुमच्या लेकीला सोमवारी वर्गात प्रयोग करून दाखवायचा आहे. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. तिच्या वहीत लिहून दिलंय की ऑक्सिजन जळून संपतो, म्हणून त्याची जागा घ्यायला पाणी एक पंचमांश चढतं. तुमच्याकडे मात्र कधी बोटभर चढतं, कधी पार तिसऱ्या हिश्शापर्यंत. केवढा ग्लास, केवढी मेणबत्ती घेतली की 'बरोबर' येईल, असं तुम्ही विचारताय. ते 'बरोबर' आणून देण्याचा मी 17 वर्षं पगार घेतलाय, तेव्हा मी सांगू शकतो.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. साहित्य मांडणं, काचेची भांडी धुणं, द्रावणं करून ठेवणं, आणि प्रयोग फसला की बोलणी खाणं. या प्रयोगासाठी एक ठरलेलं उभट पात्र होतं, त्याला लाल रबर बँड लावलेला. पाणी रबरापर्यंत चढलं पाहिजे, हा सरांचा हुकूम. ते चढायचंही. त्यात ग्लासाची कमाल काही नव्हती, सगळी गंमत हाताची होती. पात्र ज्योतीवर झपकन टेकवलं तर पाणी कमी चढतं. ज्योतीच्या वर जरा उपडं धरून, मनात तीन आकडे मोजून मग टेकवलं तर जास्त. मेणबत्ती जाड असेल तर दोनच आकडे पुरतात. आदल्या संध्याकाळी चार-पाचदा करून पाहायचो आणि आकडे ठरवून ठेवायचो. तरीही नाही जमलं तर रबर सरकवायचो. घ्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण ते वापरू नका.

एका वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, ग्लास टेकवल्यावर कडेनं बुडबुडे कसले आले?" सर म्हणाले, "तिकडे लक्ष देऊ नकोस, पाणी कुठवर चढतंय ते बघ." मी टेबलाशीच उभा होतो. तोंडातून निघून गेलं, "हवा बाहेर गेली, गरम झालेली." सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुम्ही साहित्य मांडा, शिकवायचं आम्ही बघतो." वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही, तिनं वहीत काहीतरी लिहिलं. ते हसू माझ्या अजून कानात आहे, त्यामुळे पुढचं जरा तिखट वाटलं तर सांभाळून घ्या.

त्या संध्याकाळी घरी गेलो नाही. तेच पात्र, तेवढंच पाणी. आधी एक मेणबत्ती लावली, मग दोन, मग तीन. एकीला पाणी रबराच्या खाली राहिलं. तिघींना रबराच्या बरंच वर, जवळजवळ एक तृतीयांशावर गेलं. आता मला सांगा, पात्र तेच, म्हणजे आतली हवा तेवढीच, आतला ऑक्सिजनही तेवढाच. मेणबत्त्या तीन केल्या म्हणून हवेत ऑक्सिजन वाढला का? चढणारं पाणी ऑक्सिजनचं माप असतं तर तिन्ही वेळा एकाच रेघेवर थांबायला हवं होतं.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे, आणि तेवढ्यासाठी तुम्ही घरी एकदा टक लावून बघाच. ज्योत जळते आहे तोवर पाणी जेमतेम हलतं. ज्योत फडफडते, बारीक होते, विझते, आणि मग पाणी सरसर वर येतं. ऑक्सिजन खाल्ला जातो जळताना. पाणी चढतं विझल्यावर. विझल्यावर काय होतं? आतली हवा थंड होते. संपलं.

चार्ल्सचा नियम तुमच्या लेकीला असेलच: दाब तोच असेल तर वायूचं आकारमान केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतं. पात्रातली हवा सरासरी 102 अंश सेल्सिअस, म्हणजे 375 केल्विन झाली आणि मग खोलीच्या 27 अंशांवर, म्हणजे 300 केल्विनवर आली, असं धरा. 375 चे 300. पाचातला एक भाग गेला! 250 मिलीलिटरच्या पात्रात बरोबर 50 मिलीलिटर पाणी चढेल, आणि त्यात ऑक्सिजनचं नावही नाही. हा आकडा पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा मी उठून खोलीत एक फेरी मारून आलो. माझे ते 'तीन आकडे' म्हणजे हवा साधारण एवढी तापवायची वेळ होती, आणि मी इतकी वर्षं त्याला ऑक्सिजन म्हणत होतो. (हेच गणित सेल्सिअसमध्ये करून पाहा, 102 चे 27. पाऊण ग्लास भरायला हवा. केल्विन कशाला, असं विचारणाऱ्या मुलांना मी नंतर हेच करायला द्यायचो.)

दुसऱ्या दिवशी तीन मेणबत्त्या सरांच्या टेबलावर मांडल्या. सरांनी पाहिलं, नाही असं नाही. मग म्हणाले, "हे लाव्हाझिएनं सिद्ध केलेलं आहे." लाव्हाझिए म्हणजे अठराव्या शतकातला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. त्यानं मेणबत्तीवरून हा हिस्सा ठरवला नव्हता हो! त्यानं बंदिस्त हवेत पारा 12 दिवस तापवत ठेवला (तापलेला पारा ऑक्सिजन ओढून घेतो), सगळं थंड होऊ दिलं, आणि मग हवा किती घटली ते मोजलं. ती साधारण सहावा हिस्सा घटली होती. थंड होऊ दिलं, हे महत्त्वाचं. मेणबत्ती आणि उपडं भांडं याची गोष्ट त्याच्याही फार आधीची. बायझँटियमच्या फिलो या ग्रीक अभियंत्यानं ती ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात लिहून ठेवली आहे, ऑक्सिजन हे नाव जन्माला यायच्या दोन हजार वर्षं आधी. आग हवा नाहीशी करते, अशी त्याची समजूत होती. आपण तीच समजूत ऑक्सिजनचं लेबल डकवून वर्गात मांडतो.

सरांचा शेवटचा मुद्दा मात्र मला अजून छळतो. "हवेत ऑक्सिजन एक पंचमांश आहे हे खरं आहे ना? मग मुलांच्या डोक्यात खरी गोष्ट जाते आहे, ती कशी का जाईना. परीक्षेत ती काय बुडबुडे लिहिणार?" यावर तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. बुडबुडे दिसले तरी बघू नका, हेही त्याच तासाला डोक्यात गेलं ना? रबर सरकवणारा माणूस मी होतो. उत्तर आधी ठरवून रीडिंग त्याला जुळवायचं, हे त्या मुलांनी माझ्या हातून शिकलं, सरांच्या तोंडून नव्हे. सर केव्हाच निवृत्त झाले. इथे ते वाचणार नाहीत, तरी लिहून ठेवतो.

आता माझीही एक चूक कबूल करतो. त्या दिवशी मी तावातावानं म्हणालो होतो, "ऑक्सिजनचा यात काडीचा संबंध नाही." हे चुकीचं. संबंध आहे, पण किरकोळ. ज्योत विझते तेव्हा आतल्या हवेत साधारण 16 टक्के ऑक्सिजन उरलेलाच असतो. 21 मधले पाचेक टक्केच वापरले जातात. शिवाय ते नुसते नाहीसे होत नाहीत. मेणाचा एक नमुन्याचा रेणू घ्या, 25 कार्बन आणि 52 हायड्रोजनचा. तो जळताना ऑक्सिजनचे 38 रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे 25 तयार होतात. पाण्याची वाफ काचेवर जमून द्रव झाली असं धरलं तरी 38 जाऊन 25 आलेच. म्हणजे 250 मिलीलिटरच्या पात्रात या कारणानं फार तर 4 मिलीलिटर पाणी चढेल. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो म्हणाल, तर हळूहळू विरघळतो. तो सगळाच्या सगळा विरघळला असं मानलं तरी हिशेब बारा-तेरा मिलीलिटरच्या पुढे जात नाही. पन्नास कुठून आणायचे?

एक पंचमांश खरोखर दाखवायचाच असेल तर मेणबत्ती बाजूला ठेवा. स्टील वूल, म्हणजे लोखंडाच्या बारीक तारांचा गुंता घ्या. भांडी घासायची स्टेनलेसची चकचकीत घासणी चालणार नाही, ती गंजत नाही. तारांवर तेलाचा हात असतो, म्हणून त्या दोन-चार मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडवा, झटका, आणि परीक्षानळीच्या तळाशी कोंबा. उपडी केल्यावर खाली पडू नयेत इतपतच, फार दाबू नका. नळी पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करून ठेवा. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं आणि त्याचा घन गंज होतो, बदल्यात कुठलाच वायू सोडत नाही. पाणी तासातासानं वर सरकतं, पाचव्या हिश्शाच्या आसपास येतं आणि थांबतं. आणखी दोन दिवस ठेवलंत तरी तिथेच. उरलेला मुख्यतः नायट्रोजन, तो साध्या तापमानाला लोखंडाकडे ढुंकून बघत नाही.

मोजताना आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीत आणा असं काटेकोर लोक सांगतात. आतलं पाणी वर असेल तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून. बरोबर आहे, पण वातावरणाचा दाब साधारण 10 मीटर पाण्याएवढा असतो, आणि तुमच्या नळीत पाणी चढणार तीन-चार सेंटिमीटर. त्यानं फरक अर्ध्या टक्क्याचाही पडत नाही. तापमान तीन अंशांनी बदललं तर एक टक्का फरक पडतो, तेव्हा सुरुवातीचं आणि शेवटचं माप एकाच वेळी, उदाहरणार्थ दोन्ही दिवशी सकाळी घ्या. नळी उन्हात ठेवू नका.

मेणबत्तीही लेकीला न्यायची असेल तर नेऊ दे. फक्त एकीऐवजी तीन द्या, आणि बुडबुडे मोजायला वर्गातल्याच एखाद्या मुलाला बसवायला सांगा. सोमवारला किती दिवस उरलेत ठाऊक नाही, पण स्टील वूलला एक रात्र तरी हवी, दोन मिळाल्या तर उत्तम. आजच भिजवा.