कंपनीचं नेव्हिगेशन उपटू नका, फोनची वाट वेगळी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडला राहता, २०१० सालची दोन सीटची जर्मन कन्व्हर्टिबल सेकंडहँड घेतली आहे. डॅशमधलं कंपनीचं नेव्हिगेशन जुने रस्ते दाखवतं, नवा फोन धड जोडला जात नाही, आणि एक दुकानदार म्हणतोय, ‘सगळं काढून मोठी अँड्रॉइड स्क्रीन टाकून देतो.’ टाकावी का?

नको. निदान तो म्हणतोय तशी तरी नको. मी तुर्भे एमआयडीसीत गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. अशा गाड्या माझ्याकडे बहुतेक वेळा स्क्रीन बदलून झाल्यावरच येतात, आणि तोवर दुरुस्तीचं काम दुप्पट झालेलं असतं. तुम्ही आधी विचारलंत, हे फार बरं केलंत.

आधी नकाशा, कारण तिथे करण्यासारखं फारसं काही नाही. गाडीचा जीपीएस बिघडलेला नाही. चार उपग्रह दिसले की त्याला जागा सापडते, ती आजही बरोबरच सापडते. शिळा झालाय तो डीव्हीडीवरचा नकाशा. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हा तुमच्याच पिढीतली एक गाडी तपासायला मी मालकांबरोबर चिर्ल्याहून शिवडीकडे निघालो होतो. पुलावर चढलो आणि पडद्यावरचा बाण निळ्या रंगात शिरला. २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातले साडेसोळा किलोमीटर पाण्यावर, आणि तेवढा सगळा वेळ तो बाण एकटाच समुद्रात चाललेला. आतली बाई परत परत यू-टर्न घ्यायला सांगत होती. मालक साठीच्या पुढचे, आयुष्यभर पैसे साठवून ही गाडी घेतलेली. काही बोलले नाहीत, हात पुढे करून आवाजाचं बटण शून्यावर नेलं. मला फार वाईट वाटलं. एवढ्या मेहनतीने घेतलेल्या गाडीत माणसाला असं वाटायला नको.

असं होतं, कारण गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स गाडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ठरून बसते. मग ते मॉडेल सहा-सात वर्षं विकलं जातं आणि पुढे वीस वर्षं रस्त्यावर राहतं. स्पोर्ट्स कार मुळातच कमी विकल्या जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी नवे नकाशे काढत बसणं कुणाला परवडत नाही. तुमच्या मॉडेलचा नकाशा यायचा थांबला असेल तर बाजारात ‘लेटेस्ट’ म्हणून मिळणाऱ्या कॉपी डीव्हीडीवर एक रुपयाही घालू नका. घड्याळात एकदम वीसेक वर्षांपूर्वीची तारीख दिसत असेल तर तेही गाडीचं दुखणं नव्हे. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं, आणि काही जुने रिसिव्हर तिथेच गोंधळले.

पण एका बाबतीत हे जुनं यंत्र फोनला मागे टाकतं. त्याला चाकांच्या सेन्सरमधून वेग मिळतो आणि आतल्या जायरोमधून वळण कळतं. एक्स्प्रेसवेला भाताणच्या किंवा माडपच्या बोगद्यात उपग्रह तुटले तरी त्याचा बाण गाडीच्या वेगाने पुढे सरकत राहतो. शिवाय त्याची अँटेना कंपनीने विचार करून जागेवर बसवलेली असते. काही महागड्या गाड्यांच्या काचेत ऊन अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तिच्यामागे ठेवलेला फोन सिग्नलसाठी चाचपडतो. म्हणून ती अँटेना कुणाला कापू देऊ नका, पुढे उपयोगी पडेल.

आता फोन. तुमचा जास्त वैताग इथेच असणार, आणि याचं कारण दुकानदार बहुधा सांगत नाहीत. त्या काळातल्या बऱ्याच युरोपियन गाड्यांमध्ये स्वतःचा एक पूर्ण मोबाइल असतो. कुठे सिम घालायला खाच असते, तर कुठे गाडी ब्लूटूथवरून तुमच्या फोनचं सिम उसनं घेते. सिम गाडीकडे गेलं की खिशातला फोन नेटवर्क सोडतो आणि गाडी स्वतःच्या बाहेरच्या अँटेनावरून बोलते. तेव्हाची कल्पना उत्तम होती, आवाज स्वच्छ यायचा. पण आयफोनने ही पद्धत कधी घेतलीच नाही. आणि गाडीतला मोबाइल टूजी-थ्रीजीच्या काळातला. जिओकडे ती दोन्ही नाहीत, म्हणजे जिओचं सिम दिलंत तर गाडीला नेटवर्क मिळणारच नाही. तुमचा फोन ‘जोडला’ असं दाखवतो पण कॉल लागत नाही, असं होत असेल तर कारण बहुधा हेच. गाडीच्या फोन सेटिंगमध्ये सिम वापरायचा पर्याय बंद करून साधं हँड्सफ्री निवडता येतं का बघा. जुनी पेअरिंग गाडीतून आणि फोनमधून, दोन्हीकडून पुसा, मग नव्याने जोडा. फुकटात होणारं काम आहे, आधी हे करा. खाचेत मात्र नॅनो सिम अ‍ॅडॉप्टर लावून सरकवू नका. अ‍ॅडॉप्टर आत सुटला तर सगळं युनिट उघडून काढावा लागतो.

आणखी एक सांगतो. या गाड्यांना देवनागरी वाचता येत नाही. एका मुलाच्या फोनमध्ये आईचं नाव मराठीत होतं, तिचा फोन आला की पडद्यावर नुसते चौकोन. सगळ्या घरच्यांचे तसेच चौकोन, त्यामुळे कोण बोलवतंय ते कळायचं नाही. गाडीपुरती नेहमीची दहा-बारा नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आता स्क्रीन का टाकायची नाही ते सांगतो. तुमच्या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत स्टिरिओ, अँप्लिफायर, फोनचं मॉड्यूल, नेव्हिगेशन हे सगळं फायबरच्या एकाच कड्यात ओवलेलं असतं. त्या जाळ्याला मोस्ट म्हणतात. माहिती तांब्याच्या वायरीतून नाही, प्रकाशातून फिरते, एका मॉड्यूलमधून पुढच्यात, असं करत परत सुरुवातीला. माळेतला एक मणी मेला की माळ तुटते आणि सगळंच बंद. मागच्या पावसाळ्यात कोलशेतहून एक कन्व्हर्टिबल आली. रेडिओ नाही, फोन नाही, नकाशा नाही. दोन ठिकाणी हेड युनिट, म्हणजे डॅशमधलं मुख्य स्टिरिओ युनिट, बदला म्हणून सांगितलेलं. मी आधी सीटखालचं कार्पेट उचललं, हात भिजला. छताचं पाणी वाहून जायची नळी पाल्याने तुंबली होती, आणि सगळं पाणी सीटखालच्या मॉड्यूलपाशी साचलेलं. त्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढला, नारिंगी केबलच्या तोंडाशी लाल उजेड दिसला, म्हणजे मागचं सगळं जिवंत होतं. मेलेल्या मॉड्यूलच्या जागी कडं जोडणारा छोटा लूप लावला, किल्ली फिरवली आणि रेडिओ लागला.

तुमचा दुकानदार हेड युनिट काढून अँड्रॉइड स्क्रीन बसवेल तेव्हा त्या कड्यातला मुख्य मणीच निघेल. मग अँप्लिफायर बोलणार नाही, स्टिअरिंगवरची बटणं चालणार नाहीत, म्हणून तो वायरी कापेल. फायबर तर नुसती जोरात वाकवली तरी संपते, २५ मिलिमीटरपेक्षा कमी गोलाई झाली की प्रकाश गळतो. गाडीत कड्याऐवजी साधा डबल डिन, म्हणजे ठरावीक मापाच्या चौकोनी खणात बसणारा, स्टिरिओ असता तर मी ‘बदला’ म्हणालो असतो. ज्यांच्या गाडीत तो चौकोनी खण आहे ते नशीबवान आहेत.

तुम्ही व्हिडिओ इंटरफेसचा डबा बसवून घ्या. तो कंपनीचं युनिट आणि कंपनीचाच पडदा यांच्यामध्ये कपलरने बसतो, एकही वायर कापावी लागत नाही. बटण दाबलं की त्याच पडद्यावर कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो, म्हणजे तुमच्या फोनमधले नकाशे आणि कॉल, दिसतं, पुन्हा दाबलं की जुना मेनू. आवाज ऑक्समधून, म्हणजे बाहेरचा आवाज स्टिरिओत घ्यायच्या जोडणीतून, जातो, तेव्हा गाडीत ऑक्स आहे की कोडिंग करून चालू करावा लागेल, हे आधी विचारा. डब्याबरोबरचा माईक कुठेही चिकटवू देऊ नका. छत उघडून पाम बीच रोडवर एक फेरी मारा, घरी कॉल लावा, समोरच्याला तुमचं बोलणं कळतंय का विचारा, मगच तो पक्का करा. तोवर फोन स्टँडवर लावून काम भागवा. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात फोनचा वापर फक्त रस्ता बघण्यापुरता चालतो, तोही लक्ष विचलित न होता. हातात धरून बोलणं नाही.

काम झालं की बॅटरीकडे बघा. तुमची गाडी आठ-आठ दिवस उभी राहत असणार. चुकीचा बसवलेला डबा त्या कड्याला झोपू देत नाही आणि शनिवारी बॅटरी उतरलेली मिळते. गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबायला सांगा आणि तुमच्यासमोर करंट मोजून घ्या. पन्नास मिलिअँपिअरच्या आत आला पाहिजे. अँपिअरमध्ये दिसला तर गाडी घरी नेऊ नका.

आणि डॅश उघडताना जवळ उभे राहा. निघालेला प्रत्येक कपलर, क्लिप, स्क्रू पिशवीत भरून घ्या, कंपनीचं काही काढावंच लागलं तर तेही कापडात गुंडाळून घरच्या कपाटात ठेवा.