खेळकट्टा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (पाचवी आवृत्ती) हा कल्पित पात्रांचा, फाशांचा खेळ मी चालवतो. आमचे चार खेळाडू अंडरडार्कमध्ये, म्हणजे खेळातल्या भुयारी जगात, उतरलेत. चौघांच्याही पात्रांना डार्कव्हिजन, म्हणजे काळोखात पाहण्याची शक्ती, आहे, त्यामुळे काळोखाचा धाकच उरलेला नाही. काय करावं?

उत्तर: डार्कव्हिजनचा नियम पुन्हा नीट वाचा, गडबड बहुतेक तिथेच आहे. सहसा ६० फुटांपर्यंतचा मिट्ट काळोख त्यांना अंधूक उजेडासारखा दिसतो, लख्ख नव्हे. अंधूक उजेडात नजरेने काही हेरायचं तर डिसअ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. पॅसिव्ह पर्सेप्शनमधून, म्हणजे फासे न टाकता आपोआप काही लक्षात येण्याच्या आकड्यातून, ५ वजा होतात. १४ वाला पहारेकरी ९ वर येतो, आणि सापळ्याची तार त्याच्या पायात अडकते! हे ५ वजा करायचं हमखास राहून जातं.

शिवाय रंग दिसत नाहीत, नुसत्या करड्या छटा. वाटेत एकाच आकाराच्या दोन अळंब्या ठेवा: तांबडी विषारी, पिवळी खाण्याजोगी. ओळखायची तर मशाल पेटवणं आलं. तिचा उजेड २० फूट लख्ख, पुढे २० फूट अंधूक. पण सरळ बोगद्यात ती ज्योत शत्रूला कितीतरी लांबून दिसते. मशाल जळते तासभरच.

खरी मेख पाण्यात आहे. माणशी रोज १ गॅलन, म्हणजे आठ दिवसांना चौघांचे ३२ गॅलन, वजन अडीचशे पौंडांच्या वर. एवढं ओझं चौघांत वाटून घेतलं तरी जड जातं. म्हणून नकाशात दर दोन दिवसांच्या अंतरावर एक झरा दाखवा, आणि त्यातल्या एकावर आधीच कुणीतरी ठाण मांडलेलं असू द्या.