शेजाऱ्याच्या मोजणीच्या खुणा माझ्या केळीत

प्रश्न : चोपडा तालुक्यात माझी केळी आहे. शेजाऱ्याने सरकारी मोजणी आणली, तर खुणा दोन ओळी आत पडल्या. बांध वडिलांच्या वेळचा आहे. शेजारी खांब रोवायला निघालाय. काय करू?

उत्तर : भाऊ, खुणा उपटू नका, बांधावर भांडू नका. मोजणीचा नकाशा म्हणजे ताब्याचा हुकूम नव्हे. त्याने जबरदस्तीने खांब रोवले, तर दिवाणी न्यायालयातून मनाई मिळवा.

दोन ओळी म्हणजे साधारण १० फूट. बांध ३३० फूट लांब असेल, तर ३ गुंठे गेले. एवढ्यावर गप्प बसायचं नाही.

भूमापक म्हणून मी नोकरीभर खानदेशातली शिवारं तुडवली. आपल्या काळ्या जमिनीत हद्दीचा दगड जागचा हलतो, नांगरानेही सरकतो. त्याच दगडावरून मोजणी धरली की पुढच्या सगळ्या खुणा सरकतात. म्हणून शेजाऱ्याची पलीकडची हद्दही तपासा. तीसुद्धा तेवढीच त्याच दिशेला सरकली असेल, तर चूक मोजणीत असण्याचा संभव मोठा.

भूमी अभिलेख कार्यालयातून ‘क’ प्रत (म्हणजे या मोजणीच्या नकाशाची प्रत), गटाचा नकाशा आणि जुनं टिपण, म्हणजे मूळ मोजणीच्या मापांचा कच्चा नकाशा, काढा. एकत्रीकरणात, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून, गट पडताना झालेली चूकही टिपणाशी ताडल्यावर उघडी पडते. मग निमताना मोजणीचा, म्हणजे आधीची मोजणी तपासणाऱ्या फेरमोजणीचा, अर्ज करा. ती उपअधीक्षक करतात. त्या दिवशी स्वतः हजर राहा, हरकत लेखी द्या. सह्या वाचूनच करा, माझं हे कळकळीचं सांगणं आहे. तरीही पटलं नाही, तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना, म्हणजे त्याही वरची फेरमोजणी, आहे.