शाळेच्या परसबागेत मेथी, पालक उगवतात पण पिवळे पडून लोळतात. कोणतं खत घालावं?

आधी कुठलंच नको. बी उगवलं म्हणजे बियाण्यात खोट नाही. उगवल्यावर काडी लांबुडकी होऊन लोळते ती ऊन नसल्यामुळे. तुम्हीच लिहिलंय की शाळा उत्तरमुखी आहे आणि वाफे समोर, गेटपाशी. तिथंच सगळं आलं.

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेवर असताना याच गेटावरून माझं आणि मुख्याध्यापकांचं चांगलंच वाजलं होतं. तपासणीचे साहेब गाडीतून उतरले की बाग दिसली पाहिजे, हा सरांचा हट्ट. माझं म्हणणं, दक्षिणेला स्वयंपाकघरामागं करू, पोरांचं हात धुतलेलं पाणीही तिकडंच जातं. सरांनी जूनमध्ये मला बाहेर नेऊन दाखवलं, "गुरुजी, हे ऊन नाही तर काय चांदणं आहे?"

ऊन होतंच. जूनमध्ये आपल्याकडं दुपारचा सूर्य माथ्याच्या जरा उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागतं. ऑगस्टपासून तो दक्षिणेला कलत जातो. डिसेंबरच्या अखेरीस साताऱ्यात भर दुपारीही तो 49 अंशांच्या वर चढत नाही. सात मीटर उंच दुमजली इमारतीची सावली मग उत्तरेला सहा मीटर पडते. आमचे वाफे त्याच्या आतच.

पावसाळ्यात दोडका मांडवावर चढला, फोटो निघाले, सर खूश. दिवाळीनंतर मेथी टाकली आणि तुमचीच गत झाली. सरांनी युरिया मागवला. त्यानं ती आणखी लुसलुशीत होऊन पार आडवी झाली. शेवटी मी सातवीच्या पोरांना रेघा मारायची पांढरी फक्की दिली आणि सावलीची कड दर तासाला आखायला लावली. एकही रेघ वाफ्यात आली नाही, म्हणजे वाफे दिवसभर सावलीतच. दारामागच्या फळ्यावर उत्तरायण-दक्षिणायनाची आकृती, आणि दाराबाहेर हे! सर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू," आणि साहेबांच्या भेटीआधी नर्सरीतून कुंड्या आणून मांडल्या. बक्षिसासाठी बाग करायची तर प्लास्टिकची झाडं लावा, पाणी तरी वाचेल.

तर, पालेभाजीला चार-पाच तास थेट ऊन लागतं, वांगी-टोमॅटो-मिरचीला सहा ते आठ. ऊन त्याहून कमी असेल तर खत म्हणजे पैसे मातीत.

आता, पिवळेपणाचं खापर सगळंच सावलीवर फोडू नका. प्रत्येक वर्ग आपापली बादली ओतत असेल तर काळ्या मातीत मुळं गुदमरतात. बोट खुपसून बघायचं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी बंद. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे, चांगलं कुजलेलं शेणखत द्या (कच्चं नको, मुळं खाणारी हुमणी अळी होते). शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर जमीन चुनखडीची असेल, तिथं लोह मिळत नाही. माती तपासून घ्या.

जागा हलवायला परवानगी मिळालीच नाही तर त्या वाफ्यात अळू नि पुदिना लावा, दोन्ही सावली सोसतात. पण त्याआधी एक दिवस पोरांकडून फक्की मारून घ्या, आणि मुख्याध्यापकांना शेजारी उभं करून.